आवाज घुमतो कसा, आणि घुमवायचा किती

(केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया येथील बचत गट समन्वयक ताईंचं रेडिओवरचं भाषण)

केशोरीहून तुमच्या गटांची समन्वयक बोलते आहे. हातातलं काम थांबवू नका. मिरच्यांचे देठ खुडता खुडता ऐकलं तरी चालेल.

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. धान घरी आलेलं असतं, पाहुण्यांनी घर भरलेलं असतं आणि रात्री नाटक असतं. नाटक सुरू होण्याआधी साउंडवाला माइक तपासतो. तो म्हणतो एकदाच "हॅलो", पण आपल्याला ऐकू येतं "हॅलो... लो... लो... लो". पोरं हसतात आणि तीही तसंच ओरडतात. हा मागून येणारा आवाज यंत्रातून काढलेला असतो. साउंडवाला त्याला इको म्हणतो. गिटार वाजवणारे ज्याला रिव्हर्ब म्हणतात, तो या इकोचा सख्खा भाऊ. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, घुमारा. डग्ग्याला चांगला घुमारा आहे असं भजनी मंडळातले लोक म्हणतात, तोच हा शब्द.

आज या घुमाऱ्याचा इतिहास सांगायचा आहे. बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. आपल्या एका गटाच्या बैठकीत या घुमाऱ्यावरून चांगली दोन तास चर्चा झाली होती. ती पुढे सांगते. आधी घुमारा म्हणजे काय ते बघू.

रंगरंगोटीच्या वेळी घरातलं सगळं सामान अंगणात काढलं की रिकाम्या खोलीत आपलाच आवाज परका वाटतो. बोललं की भिंतीतून कोणीतरी उत्तर देतंय असं वाटतं. मग धानाची पोती, गोधड्या, कपडे परत आत आले की तो आवाज गप्प होतो. घुमाऱ्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. आवाज कडक भिंतीवर आपटून परत येतो. मऊ वस्तूवर पडला की तिच्यातच मुरतो.

आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत किंवा डोंगर १७ मीटरपेक्षा लांब असेल, तर जाऊन परत यायला आवाजाला सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या अंतराने परत आलेला शब्द कानाला वेगळा ऐकू येतो. हा झाला प्रतिध्वनी, म्हणजे इको. भिंती जवळ असतील तर हजारो बारीक पडसाद एकमेकांवर चढून येतात. ते वेगळे ऐकू येत नाहीत, नुसतं आवाजाचं शेपूट लांबतं. हा झाला घुमारा, म्हणजे रिव्हर्ब. विहिरीत डोकावून हाक मारली की घुमतं आणि लांबच्या टेकडीकडे तोंड करून मारली की हाक परत येते, हा त्या दोघांतला फरक.

माणसाला या घुमाऱ्याची ओढ फार जुनी आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याचं बौद्ध लेणं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी डोंगर पोखरून तिथे चैत्यगृह केलं. ते सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यांत भिक्षुणीही आहेत. अशा दगडी जागेत सावकाश म्हटलेलं पठण भरून येतं. एकाचा आवाज दहांचा वाटतो. पण तिथेच कोणी भराभर बोलू लागलं, तर पहिला शब्द विरायच्या आत दुसरा येतो आणि दोन्हींचा काला होतो. म्हणजे घुमारा गाण्याला पोसतो, पण बोलण्याला गिळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्या कामाला येणार आहे.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे विजापूरला गोल घुमट आहे. सतराव्या शतकात झालेल्या मुहम्मद आदिलशहाची ती कबर. घुमटाच्या आत वर गोल सज्जा आहे. त्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं तर समोरच्या बाजूला, तीसहून जास्त मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू येतं. टाळी वाजवली तर ती पुन्हा पुन्हा परत येते. शाळेच्या सहलीला गेलेली मुलं तिथे टाळ्या वाजवून वाजवून गोंधळ करतात, कारण प्रत्येकाची टाळी दुसऱ्याच्या टाळीत मिसळते.

पण गाणाऱ्याने प्रत्येक वेळी लेण्यात किंवा घुमटात जायचं का? आपल्या वाद्य करणाऱ्यांनी तोडगा काढला. त्यांनी घुमटच वाद्याला जोडला. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला दीडशे वर्षांहून जास्त काळ तंबोरे आणि सतारी होतात. त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूला पिकतात. भोपळा वाळवायचा, आतून साफ करायचा आणि त्यावर लाकूड चढवायचं. तार छेडली की आवाज त्या पोटात घुमतो आणि गोल होऊन बाहेर येतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सारंगी आणि सतार यांना आणखी एक युक्ती असते. मुख्य तारांच्या खाली तरफेच्या बारीक तारा असतात. वाजवणारा सहसा त्यांना हात लावत नाही. वरची तार वाजली की त्या आपोआप थरथरतात आणि सुरामागे सूर रेंगाळत राहतो. आज गिटारवाले पैसे मोजून जो घुमारा विकत घेतात, तो आपल्या वाद्यांत आधीपासून बसवलेला आहे.

आता गिटारकडे येऊ. साध्या गिटारला लाकडाचं पोकळ पोट असतं, म्हणून ती स्वतः घुमते. पण १९३० च्या सुमारास अमेरिकेत वाजवणाऱ्यांची अडचण झाली. मोठ्या बँडमध्ये ढोल आणि पिपाण्यांपुढे गिटार ऐकूच येईना. मग तारांखाली चुंबक बसवून तारेची थरथर विजेत बदलायची आणि स्पीकरमधून मोठी करायची, अशी युक्ती निघाली. रिकेनबॅकर कंपनीची पहिली विजेची गिटार धातूची होती. गोल अंग आणि लांब दांडा. लोकांनी तिचं नाव काय ठेवलं असेल? तळणीचा तवा! पुढे भरीव लाकडाच्या गिटारी आल्या. आवाज मोठा झाला, पण पोट गेलं. पोट नाही म्हणजे घुमारा नाही. सूर निघतो आणि तिथेच तुटतो. कोरड्या भाकरीसारखा. म्हणून विजेच्या गिटारला घुमारा बाहेरून उसना आणावा लागला.

विजेची गिटार म्हटलं की केस वाढवलेले तरुण डोळ्यांपुढे येतात. पण ती ज्यांनी आधी गाजवली, त्यांच्यात एक बाई पुढे होती. सिस्टर रोझेटा थार्प, १९१५ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मलेली कृष्णवर्णीय बाई. चर्चमधली भक्तिगीतं ती विजेची गिटार वाजवून म्हणायची. १९६४ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर ती, समोरच्या फलाटावर प्रेक्षक आणि मध्ये रूळ. पाऊस पडून गेलेला. अंगात जाड कोट, गळ्यात गिटार, आणि ती उभ्यानेच वाजवत गात होती. आपल्या मंडईसारखीच उघड्यावरची जागा. तिथेही बाईचा आवाज पलीकडे पोचला.

घुमाऱ्याचा शास्त्रीय हिशोब याच्याही आधी लागला होता. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवीन व्याख्यानाची खोली बांधली होती. दिसायला छान, पण तिथे मास्तर काय बोलतात ते मुलांना कळेना. वॉलेस सॅबाइन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या शिक्षकाला कारण शोधायला सांगितलं. त्याने रात्रीच्या शांततेत एक बासरीसारखी नळी वाजवली आणि घड्याळ लावून मोजलं. नळी बंद केल्यावरही आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. साडेपाच सेकंदांत माणूस डझनभर शब्द बोलून जातो! मग त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणल्या, त्या खोलीत मांडल्या आणि पुन्हा मोजलं. जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरला. गाद्यांनी, गालिच्यांनी आणि माणसांच्या अंगांनीही आवाज शोषला जातो, हे त्याने आकड्यांत मांडलं. त्या हिशोबावर बॉस्टन शहरात १९०० साली संगीताचं मोठं सभागृह बांधलं गेलं. आजही ते जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं.

आपल्याकडे चित्रपटाच्या गाण्यांत काय चाललं होतं? १९४९ साली 'महल' चित्रपट आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातलं एक गाणं लांबून जवळ येत असल्यासारखं वाटायला हवं होतं. आज एक बटण फिरवलं की काम होतं. तेव्हा तसं बटण नव्हतं. लता मंगेशकर तेव्हा जेमतेम विशीतल्या. लताबाईंनीच पुढे सांगितलं आहे की, माइक खोलीच्या मध्ये ठेवला होता, त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी म्हणत म्हणत पावलापावलाने माइककडे चालत आल्या. मुखडा सुरू व्हायला आणि माइकपाशी पोचायला एकच वेळ साधायची होती. ते गाणं पुन्हा ऐका. आवाज आधी अंधारातून येतो आणि मग कानाशी येऊन बसतो. घुमारा म्हणजे अंतर, हे या एका गाण्यातून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही. गाणारी जवळ असली की तिचा आवाज थेट येतो आणि खोलीचा घुमारा कमी ऐकू येतो. ती लांब गेली की थेट आवाज घटतो आणि खोलीच जास्त बोलते.

तोवर परदेशात लोक घुमाऱ्यासाठी जागा शोधत हिंडत होते. १९४७ साली शिकागोत बिल पटनम नावाच्या ध्वनिमुद्रकाने माऊथऑर्गन वाजवणाऱ्या तिघांची रेकॉर्ड केली. त्यात घुमारा यावा म्हणून त्याने स्टुडिओतला आवाज चक्क न्हाणीघरात सोडला आणि तिथून माइकने परत घेतला. न्हाणीघरात आपण सगळ्याच चांगल्या गायिका होतो, ते फरशीच्या भिंतींमुळे. १९५८ च्या सुमारास ड्वेन एडी या गिटारवाल्याच्या लोकांनी तर पाण्याची रिकामी लोखंडी टाकी आणली. २,००० गॅलनची, म्हणजे आपल्या हिशोबाने साडेसात हजार लिटरची. टाकीच्या एका टोकाला स्पीकर ठेवला आणि दुसऱ्या टोकाला माइक. गिटारचा सूर टाकीत घुमून रेकॉर्डवर गेला आणि ती रेकॉर्ड खूप चालली. टाकी उघड्यावर होती, म्हणून मुद्रण सुरू करण्याआधी तिच्यावर बसलेले पक्षी हाकलावे लागत.

टाकी गावोगाव नेता येत नाही. मग घुमारा पेटीत भरायची धडपड सुरू झाली. त्यातली पहिली मोठी युक्ती म्हणजे स्प्रिंग. ही मुळात टेलिफोनवाल्यांची. लांबच्या फोनवर आवाज उशिरा पोचतो, त्याचा अभ्यास करायला त्यांनी स्प्रिंग वापरली होती. लॉरेन्स हॅमंड यांची कंपनी विजेचे ऑर्गन करायची. लोकांनी ते घरात आणले, पण मोठ्या चर्चसारखा घुमारा घरात येईना. हॅमंड यांनी १९३० च्या दशकात ऑर्गनमध्ये स्प्रिंग बसवल्या. आवाजाची थरथर स्प्रिंगच्या एका टोकाला द्यायची, ती दुसऱ्या टोकाला जाते, परत येते, पुन्हा जाते. माचिसच्या दोन रिकाम्या पेट्यांना दोरा बांधून आपण टेलिफोन खेळायचो, त्याचाच हा मोठा भाऊ. १९६१ साली फेंडर कंपनीने गिटारसाठी स्प्रिंगची वेगळी पेटी काढली आणि १९६३ पासून ती ॲम्प्लिफायरच्या आतच बसवली. अशा ॲम्प्लिफायरला धक्का लागला तर आतल्या स्प्रिंग एकमेकींवर आपटतात आणि वीज पडल्यासारखा आवाज होतो.

दुसरी युक्ती पत्र्याची. १९५७ साली जर्मनीत ईएमटी कंपनीने एक यंत्र केलं. चौकटीत टांगलेला पोलादाचा भला मोठा पातळ पत्रा, दोन मीटर लांब, एक मीटर उंच. सगळ्या यंत्राचं वजन अडीचशे किलोहून जास्त. पत्र्याला आवाजाची थरथर द्यायची आणि दुसऱ्या जागी ती पकडायची. घरी करून बघायचं असेल तर पितळेची परात दोरीने टांगा आणि बोटाने टिचकी मारा. किती वेळ गुणगुणते ते ऐका. मग तिला हळूच गोधडी टेकवा. परात गप्प होईल. त्या यंत्रातही घुमारा कमी करायला पत्र्याजवळ सरकवायची एक मऊ पाटी होती.

तिसरी युक्ती आकड्यांची, म्हणजे संगणकाची. १९७६ साली त्याच ईएमटी कंपनीचं डिजिटल यंत्र आलं. त्याची किंमत फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडायची. अकराच वर्षांनी, १९८७ साली, बॉस कंपनीने पायाने दाबायचं, हाताच्या पंजाएवढं डिजिटल रिव्हर्ब काढलं. त्यालाच पेडल म्हणतात. जे कधी डोंगर पोखरून मिळायचं, मग अडीचशे किलोच्या पत्र्यातून, ते आता पिशवीत मावतं.

आपल्या देशातही विजेची गिटार लवकर आली. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड आपल्या आईवडिलांच्या पिढीने ऐकल्या. १९७१ साली 'हरे रामा हरे कृष्णा' आला. त्यातलं आशाताईंचं गाजलेलं गाणं जिच्या तारेने सुरू होतं, ती गिटार वाजवली भूपिंदर सिंग यांनी, म्हणजे पुढे गझलगायक म्हणून नाव झालेले तेच भूपिंदर. आशाताईंचा आवाज यायच्या आधीच ती गिटार आपल्याला धुरकट खोलीत नेऊन बसवते.

आता आपल्या झाडीपट्टीत येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत धानाच्या पिकावर जगणारी रंगभूमी आहे. वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज कुठे ना कुठे रात्रभर नाटक असतं. दंडारीपासून चालत आलेल्या या परंपरेतले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आधी पेटी-तबला होता. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आणि काही ठिकाणी गिटारही दिसते.

आपल्या नाटकाची जागा कशी असते? धान कापलेल्या बांध्या, भोवती कनात, वर आभाळ. भिंत नाही, छप्पर नाही. आवाज गेला की गेला, परत आणणारं काही नाही. म्हणून साउंडवाला इको लावतो, तो काही उगीच नाही. गाण्याला उघड्यावर थोडा घुमारा लागतोच. पण त्याच माइकवर संवाद सुरू झाला आणि बटण तसंच राहिलं, तर आईचं रडणंही कळत नाही आणि खलनायकाचं बोलणंही. जाणता साउंडवाला गाणं संपलं की इको खाली आणतो. ज्या मंडळीकडे असा माणूस असतो, तिचे संवाद मागच्या रांगेतल्या आजीलाही कळतात.

आता बैठकीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका गटात एका ताईने मुलीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. तिला रिव्हर्बचं पेडल घ्यायचं होतं, पाच-सहा हजारांचं. गटात कुजबुज सुरू झाली. हे कर्ज उत्पादक की अनुत्पादक? एकीचं म्हणणं, गिटार म्हणजे शौक, शौकाला गटाचा पैसा नको. दुसरी म्हणाली, "शेळीले कर्ज देता, मंग गिटारीले काऊन नाही? शेळी दूध देते, पोरगी कार्यक्रमाचे पैसे आणते." शेवटी ठरलं की आधी ऐकायचं, मग बोलायचं.

पुढच्या बैठकीला मुलगी गिटार, लहानसा ॲम्प्लिफायर आणि मित्राकडून मागून आणलेलं पेडल घेऊन आली. आधी तिने कोरडं वाजवलं. मग एकेक प्रकार लावत गेली. पेडलवर नावं होती: रूम, हॉल, स्प्रिंग, प्लेट, चर्च. रूम लावलं तेव्हा गिटार आपल्याच खोलीत, जरा पलीकडे बसून वाजतेय असं वाटलं. स्प्रिंग लावलं की सुराला मागून पाण्याच्या थेंबांसारखी थरथर आली. प्लेटचा आवाज उजळ आणि गुळगुळीत. हॉल लावलं तसं सगळं मोठं झालं. आणि चर्च लावून तिने भराभर वाजवलं, तेव्हा सुरांची खिचडी झाली. सगळ्यात वयस्क मावशी म्हणाल्या, "हे बोडीच्या पाळीवरून कोणी हाक मारल्यासारखं वाटते. हाक मारणारी कोण ते समजते, काय म्हणते ते नाही समजत." मैत्रिणींनो, सॅबाइनने घड्याळ लावून मोजलं तेच मावशींनी कानाने सांगितलं.

मग त्या मुलीला आम्ही विचारलं, तू वाजवतेस कुठे? तिची निम्मी कामं मंगल कार्यालयात आणि निम्मी उघड्या मैदानात. त्यावरून तिनेच निवड सांगितली. टिनाच्या छपराचं आणि फरशीचं कार्यालय आधीच घुमतं, तिथे पेडल जवळजवळ बंद ठेवायचं. मैदानात थोडं उघडायचं. भराभर चालीच्या गाण्याला शेपूट आखूड ठेवायचं, संथ गाण्याला लांब. गायिका गात असेल तेव्हा गिटारचा घुमारा कमी करायचा, म्हणजे तिच्या शब्दांना जागा राहते. पेडलवरची तीन बटणं तिने आम्हाला समजावली. डिके म्हणजे शेपूट किती लांब. मिक्स म्हणजे कोरड्या आवाजात घुमारा किती, जसं भाजीत मीठ. टोन म्हणजे घुमारा तीक्ष्ण की मऊ. तिने पंधरा प्रकारांचं महागडं पेडल नको म्हटलं. रूम, हॉल आणि स्प्रिंग चांगले असलेलं, धातूच्या डब्याचं, पायाखाली टिकेल असं साधं पेडल तिला हवं होतं. ते वापरलेलं मिळालं तर आणखी बरं.

गटाने कर्ज मंजूर केलं. हप्ते मात्र हंगाम बघून ठरवले. दिवाळी ते होळी मोठे हप्ते आणि पावसाळ्यात फक्त व्याज. धानाच्या कर्जाला आपण पीक बघतो, तसं इथे कार्यक्रमांचं पीक बघितलं. मला त्या बैठकीचं अप्रूप वाटलं ते एवढ्यासाठी की, ज्या वस्तूचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, ती ऐकून आणि प्रश्न विचारून बायकांनी पारखली.

आणखी एक नवीन गोष्ट सांगते. आता एखाद्या जागेचा घुमाराच नोंदवून ठेवता येतो. तुर्कस्तानात इस्तंबूल शहरात हागिया सोफिया ही दीड हजार वर्षं जुनी घुमटाची वास्तू आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथे फुगे फोडले. फुगा फुटल्याचा आवाज कसा घुमतो ते मुद्रित केलं. मग तो घुमारा संगणकाने दुसऱ्याच जागी गाणाऱ्या गायकांच्या आवाजाला जोडला. २०१९ साली त्याचा अल्बम निघाला. पेडलवरच्या चर्च आणि हॉल या साहेबांच्या जागा. पण फुगा कोणालाही फोडता येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा, एखाद्या जुन्या देवळाच्या गाभाऱ्याचा किंवा आपल्या गावच्या दगडी विहिरीचा घुमारा उद्या कोणी मुलगी नोंदवून पेडलमध्ये भरू शकते. मग ती आपल्या गावची विहीर सोबत घेऊन वाजवेल.

आता आपल्या कामाचं. घुमारा गाण्याला पोसतो आणि बोलण्याला गिळतो, हे मी लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आपली महिला सभा, ग्रामसभा कुठे होते? समाजमंदिरात नाही तर शाळेच्या खोलीत. वर टिन, खाली फरशी, भिंती उघड्या. पुरुष पुढे बसतात आणि आपण मागे, दाराशी. पुढच्यांना थेट आवाज जास्त मिळतो, मागच्यांना खोलीचा घुमारा जास्त मिळतो. महिनाभर वाट पाहून विचारलेल्या रेशनच्या किंवा घरकुलाच्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर आपल्यापर्यंत नुसतं गुणगुणत येतं. मग आपण मान हलवतो आणि सही करतो. बाईला सभेतलं समजत नाही, असं म्हणणारे असतात. कित्येकदा तिला ऐकूच आलेलं नसतं.

यावर खर्च नाही. सभा सुरू होण्याआधी खोलीच्या मधोमध उभ्या राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे आवाज रेंगाळला तर समजा, इथे शब्द विरघळणार. खाली सतरंज्या अंथरा. मागच्या भिंतीवर दोरी बांधून दोन-चार गोधड्या किंवा जुनी लुगडी घडी घालून टांगा. पातळ कापड एकेरी टांगून फारसा उपयोग नाही, जाड हवं. स्पीकर पुढे एकच मोठा नको, शक्य असेल तर एक आपल्या बाजूला मागवा. आणि माइकवाल्याला स्पष्ट सांगा, भाऊ, इकोचं बटण पूर्ण खाली घे. भजनाच्या वेळी वर घे, आमची हरकत नाही. बोलणारीनेही माइक तोंडाजवळ धरावा आणि एक वाक्य संपल्यावर क्षणभर थांबावं.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी आपापल्या सभागृहात ही टाळी वाजवून बघा आणि काय ऐकू आलं ते आपल्या गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढच्या प्रभाग बैठकीला ती इतिवृत्तं घेऊन या, आपण सगळ्या गावांची मिळून यादी करू. कुठे सतरंज्या कमी आहेत आणि कुठे स्पीकर हवा, ते ग्रामपंचायतीला लेखी देऊ.